जावईबापूंची रिकामी जागा

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या आमच्या घरात समोरच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. लोकांच्या घरी अशा कपाटात कपबशा असतात, पोरांना बक्षीस मिळालेल्या ढाली असतात. आमच्या कपाटात दुसऱ्या ग्रहावरची जनावरं आहेत. कोणी सहा हातांचं, कोणाला डोळेच नाहीत, कोणाच्या पाठीवर सायाळीसारखे काटे. वीत-दीड वीत उंचीचे असतील एकेक. सगळे माझ्या सुनेचे. वरून दुसऱ्या फळीवर, बरोबर मधोमध, एक जागा मात्र रिकामी आहे. त्या जागेबद्दल लिहायला बसले आहे. आधीच सांगून ठेवते, यात माझी बाजू काही चांगली नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चिचगडकडच्या गावात. मोहफुलं वेचायच्या दिवसांत शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं लिहिणं-वाचणं मी माझं मीच रेटत नेलं. म्हणून माझ्या लिहिण्यात बोलणं येतं, तेवढं चालवून घ्या.

हे गेल्यावर मुलाने मला गावाहून इथं आणलं. तो राइस मिलमध्ये मशीन सांभाळतो. दोन वर्षांनी त्याचं लग्न केलं. पोरगी गोंदियाचीच, हायस्कुलात विज्ञान शिकवते. लग्नानंतर ती आली तेव्हा ऑटोतून कपड्यांची एक बॅग उतरली आणि चार खोके उतरले. मला वाटलं, रुखवताचं काही मागं राहिलं असेल. शेजारच्या दोघी-तिघी बायाही लगेच आल्या पाहायला. सुनेने खोका उघडला, वर्तमानपत्राचा बोळा काढला आणि आतून एक हिरवं तोंड बाहेर आलं, चार दातांचं. एक बाई म्हणाली, "अगं माय, हे काय होय?" दुसरी म्हणाली, "रुखवतात राकस देतात का शहरात?"

सून हसली. म्हणाली, "पिक्चरमधले आहेत, काकू. आठ पिक्चर आहेत त्याचे. एकेक जमवला."

बाया गेल्यावर मी विचारलं, "लहानपणचे खेळणे होय का?"

"नाही आई. नोकरी लागल्यावर घ्यायला लागली. आणि खेळणे नाही, फिगर म्हणतात."

मी मनात म्हटलं, बाप्पा, ही मास्तरीण आहे का लेकरू आहे.

पण खोटं कशाला बोलू, पहिल्या महिन्यातच मला त्यांची सवय झाली. एकमेकींना दोघी नवीनच. तिला माझ्याशी काय बोलावं कळत नसे, मलाही तिच्याशी. मग ते मध्ये आले. तिला शाळेची घाई असायची, म्हणून मीच एक दिवस ओला कपडा घेऊन पुसायला लागले, तर ती धावत आली. "आई, पाणी नका लावू, रंग जाईल." मग तिने मला रंगाचा जुना मऊ ब्रश आणून दिला. कानाकोपऱ्यातली धूळ कशी काढायची, कोणाचा हात हलतो, कोणाची मान फिरते, कोणाची शेपटी निघून येते, सगळं शिकवलं. रविवारी सकाळी आम्ही दोघी कपाट रिकामं करायचो. सतरंजी टाकून त्यावर सगळे मांडायचो, जसं तांदूळ निवडायला बसतो तसं. इंग्रजी अक्षरंही मी त्यांच्याच खोक्यांवर शिकले.

त्यांची खरी नावं माझ्या तोंडात बसत नव्हती. म्हणून मी माझी नावं ठेवली. मोठे डोळे आणि चपटं नाक असलेली घुबडमावशी. बिनडोळ्यांचा होता तो सुरदास. एक सारखा हात वर करून उभा, त्याला म्हणायची हजेरीवाला. सून हसून हसून पडायची. नंतर तीच म्हणायला लागली, "आई, सुरदासाची मान ढिली होऊन राहिली."

दुपारी ती शाळेतून आली की पिक्चर लावायची टीव्हीवर. भाषा मला कळायची नाही, ती सांगत जायची. माणसं त्या ग्रहावर खोदकाम करायला जातात, आणि तिथली जनावरं आपलं रान वाचवतात, एवढं मला समजलं. आमच्या भागात लहानाची मोठी झाले, त्यामुळं ते समजायला जड गेलं नाही.

त्या पिक्चरमध्ये एक होता गळफुग्या. काळपट, अंगावर फोड, तोंड बेडकासारखं, आणि गळ्याखाली ही मोठी थैली लोंबत असलेली. मला पाहूनच किळस आली होती. सून म्हणाली, "थांबा ना, पुढं पाहा." पुढं दाखवलं, की त्याच्या गळ्यात त्याची अंडी आहेत. पिल्लं निघेपर्यंत तो घास गिळत नाही. वाळून काडी होतो, पण तोंड उघडत नाही. पिक्चर संपला तेव्हा मी डोळे पुसत होते आणि सून माझी मजा पाहत होती.

तोच फिगर तिला मिळत नव्हता. कमीच काढले होते म्हणे. सात वर्षं शोधून राहिली होती ती, मोबाइलवर कुठं कुठं लोकांना विचारायची. मग एका दिवशी सापडला. तो कोण्या लांबच्या माणसाने पाठवला. खोका यायचा होता त्या आठवड्यात घरात जे वातावरण होतं, ते मी माझ्या मुलीच्या सासरचे लोक पहिल्यांदा आले होते तेव्हाच पाहिलं होतं. रोज विचारणं, कुठवर आला, नागपूरला पोहोचला का. कपाटात मधली जागा रिकामी करून ठेवलेली. मी म्हटलं, "फिगर येऊन राहिला का जावईबापू येऊन राहिले?" तेव्हापासून त्याचं नाव जावईबापू.

खोका आम्ही दोघींनी मिळून उघडला. उजव्या हाताचं एक बोट तुटून खाली पडलं होतं. तिचं तोंड असं झालं, की मलाच वाईट वाटलं. तिने आगकाडीच्या टोकाला गोंद लावून बोट बसवलं. मी रबराची बारीक रिंग आणली आणि अर्धा तास तो हात धरून बसले, हलू दिला नाही. ती म्हणाली, "आई, तुमचा हात स्थिर आहे, माझा कापते." तो अर्धा तास मला अजून आठवतो. हे सगळं मी एवढ्यासाठी सांगून राहिले, की जे केलं ते अजाणतेपणी नाही केलं. मला सगळं माहीत होतं. त्याच्या गळ्यात काय आहे ते माहीत होतं, आणि सुनेला तो कोण होता तेही.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. ती आठ दिवस भिंतीकडं तोंड करून झोपली. मग उठली, शाळेत जायला लागली. कपाटातले रविवारी पुसायला काढायची, पण पिक्चर लावत नव्हती. वर्षभराने पुन्हा दिवस गेले. यावेळेस घरात कोणी मोठ्याने बोलतही नव्हतं. तिसरा महिना गेला, चौथा गेला, पाचवा गेला. आम्ही तिघंही काचेच्या भांड्यावर चालल्यासारखे चालत होतो.

सहाव्या महिन्यात पोळा आला. माझ्या मोठ्या जाऊबाई केशोरीहून आल्या. त्यांनी पाच बाळंतपणं स्वतःची केली आणि गावातली किती केली त्याचा हिशोब नाही, त्यामुळं आमच्या घरात त्यांच्या शब्दाला वजन. त्या खोलीत आल्या, कपाटापुढं उभ्या राहिल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे काय ठेवलं वो?"

"तिचे आहेत. पिक्चरमधले," मी म्हटलं.

"तिचे आहेत म्हणून तिच्यासमोर ठेवाचे का? पोटुशी बाई सकाळी उठून कोणाचं तोंड पाहून राहिली, तुले समजत नाही? लोक बाळकृष्णाचा फोटो लावतात." मग त्यांनी बोट लावून दाखवलं, बरोबर जावईबापूकडं. "आणि ह्याचा गळा पाहा. गलगंड झाल्यासारखा. पहिलं कायले गेलं, आता मले कळलं."

मी म्हणायला पाहिजे होतं, बाई, त्या गळ्यात त्याचे लेकरं आहेत. माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी 'पहिलं' म्हटलं ना, तिथं माझं तोंड बंद झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं नारबोद निघते. पहाटे पळसाच्या डहाळ्यांची आणि गवताची बाई करतात, गावाच्या शिवेवर नेऊन जाळतात. घरोघरचे लोक त्यात तुटकी सुपली, झिजलेला झाडू असं काही टाकतात. घरातलं दुखणं त्याच्यासोबत जावं म्हणून. पोरं ओरडत पुढं पळतात, खोकला घेऊन जाय, ताप घेऊन जाय. मी लहानपणापासून पाहत आले. घरात कोणी आजारी असलं की माझी माय त्याचा एखादा कपडा सुपलीत घालून द्यायची. ज्याने दुखणं आणलं ते जावं, अशी रीत.

त्या पहाटे सून झोपली होती. शाळेला सुट्टी होती. मी कपाट उघडलं. घुबडमावशीला हात लावला नाही, सुरदासालाही नाही. मी स्वतःला सांगितलं, सगळे कशाला, एक गेला की पुरे. मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात जावईबापू गुंडाळले, फाटक्या सुपलीत ठेवले, वरून झाडूचा तुकडा टाकला आणि बाहेर गेले. गुंडाळताना ते बसवलेलं बोट माझ्या हाताला लागलं. मला वाटलं होतं हात कापेल. नाही कापला. सून म्हणाली होती तसाच स्थिर होता.

मी शिवेपर्यंत गेले. सुपली माझ्या हाताने टाकली. आग धरली तेव्हा काळा धूर निघाला आणि कडू वास सुटला. एक जण म्हणाला, "कोणी प्लास्टिक टाकलं बे? डोळे चुरचुरून राहिले." मी पदर नाकाला लावून घरी आले आणि अंगावर पाणी घेतलं.

नऊ वाजता सून उठली. चहाचा कप घेऊन कपाटापाशी गेली. मी आत भाजी चिरत होते.

"आई, जावईबापू कुठं आहेत?"

"असतील ना तिथंच."

"नाही आहेत."

"मले नाही माहीत, बाप्पा. काल तर होते."

एवढं बोलले आणि मग परत फिरायला वाटच राहिली नाही. तिने खालची फळी पाहिली, वरची पाहिली, कपाटामागं हात घातला. मुलाला उठवलं. जाऊबाई समोर बसून चहा पीत होत्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "उंदराने नेला असेल. गेला तर बरं झालं."  सहावा महिना, तरी सून दिवाणाखाली वाकायला लागली. मी म्हटलं, "तू नको वाकू, मी पाहते." आणि मी मोबाइलची बॅटरी लावून, गुडघ्यावर बसून, दिवाणाखाली शोधायला लागले. जे मी तीन तासांपूर्वी जाळून आले होते, ते. कोळिष्टकं निघाली, तिचं एक हरवलेलं टिकल्यांचं पाकीट निघालं. मी ते काढून दिलं. ती म्हणाली, "असू द्या आई, तुमचे गुडघे दुखतील."

असे आठ दिवस आम्ही शोधलं. ती शाळेतून आली की एखादी जागा आठवायची. माळा पाहिला, तांदळाची कोठी पाहिली, शिलाई मशीनचा डबा पाहिला. प्रत्येक वेळेस मी सोबत. शेवटी नवव्या दिवशी ती म्हणाली, "जाऊ द्या." आणि बाजारातून एक लहानसं कुलूप आणलं, कपाटाला लावलं. "आता लेकरू येईल घरात, ओढाताण करेल," एवढंच म्हणाली. चावी तिच्या पर्सच्या चेनला अडकवली. पुसायचा ब्रश कपाटाच्या आत राहिला.

भांडण झालं नाही. तिने कधी आवाज चढवला नाही. जेवायला वाढणं, माझी बीपीची गोळी आठवणीने देणं, सगळं होतं तसंच. फक्त रविवारची सतरंजी गेली. ती एकटीच उभ्याने पुसायची आणि कुलूप लावून टाकायची.

त्या आधी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मी शिवेवर गेले होते. शेण आणायला जाते म्हणून टोपलं घेऊन गेले. राखेत काडीने पाहिलं, तर तो पूर्ण जळला नव्हता. वितळून गोळा झाला होता, पेरूएवढा. बोटं नव्हती, तोंड नव्हतं. एक पाय तेवढा कळत होता. तो मी धुतला आणि माझ्या ट्रंकेत, लुगड्यांखाली ठेवला. टाकवला नाही.

पोरगी झाली. चांगली सात पौंडाची, गळ्याला काही नाही, कुठं काही नाही. जाऊबाई बाळाला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "पाहा, कशी देखणी आहे." मलाही क्षणभर वाटलं, की गेलं ते गेलं, पण हे तर आलं. आजही कधी कधी वाटते. इथं मी स्वतःला शहाणी करून दाखवणार नाही.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. यंदाच्या पोळ्याला मी माझा लाकडी बैल काढला. माझ्या बापाने करून दिला होता, मी पाच वर्षांची असताना. तान्ह्या पोळ्याला लेकरं असे बैल सजवून मिरवतात. लग्न झालं तेव्हा मी तो लपवून सासरी आणला होता. सासूबाईंना सापडला तेव्हा त्या हसल्या आणि त्यांनी तो देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिला. फेकला नाही. आता नातीला दिला, तर तिने दोरीने ओढता ओढता पायरीवरून पाडला. शिंग तुटलं. माझं तोंड सुनेने पाहिलं असेल. नात झोपल्यावर दुपारी ती गोंदाची नळी आणि आगकाडी घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. शिंग बसवलं, वरून रबर लावलं, आणि म्हणाली,

"आई, जरा धरा बरं. माझा हात कापते."

मी बैल धरला. आणि मला पुढं धरवलं नाही. म्हणजे बैल धरून होते, बाकीचं धरवलं नाही.

"जावईबापू मी नेला होता. नारबोदमध्ये."

तिने मान वर केली नाही. गोंदाच्या नळीचं टोपण लावलं, सावकाश.

"तुमच्या जाऊबाई बोलल्या म्हणून?"

"त्या बोलल्या. पण नेला मी. त्यांना माहीत नाही."

"पूर्ण जळला का?"

मी बैल तिच्या हातात देऊन उठले, ट्रंक उघडली आणि तो गोळा आणून तिच्यासमोर ठेवला. तिने उचलून फिरवून पाहिला. बोटांची जागा शोधत असावी. पायावरून अंगठा फिरवला.

"तुम्ही मला सांगितलं असतं तर मीच दिला असता, आई," ती म्हणाली. "मी काय घाबरली नव्हती? विज्ञान शिकवते म्हणून काय झालं. त्या दिवसांत मीच त्याच्याकडं पाहणं सोडलं होतं. एकदा खोक्यात भरून माळ्यावर टाकायला गेली होती, मग म्हटलं, आई हसतील मला."

 मी म्हटलं, "मी नसते हसले."

"माहीत आहे. आता माहीत आहे." मग म्हणाली, "त्याचं मला एवढं नाही वाटत. पण आठ दिवस तुम्ही माझ्यासोबत शोधत होत्या. दिवाणाखाली गेल्या तुम्ही. मी तुमच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं होतं त्या दिवशी."

ते मी विसरले होते. खरंच लावून दिलं होतं तिने.

मी गोळा तिच्याकडं सरकवला. तिने परत माझ्याकडं केला. "हे तुमच्याकडंच राहू द्या," म्हणाली. त्यात राग नव्हता, की मला तो ऐकू आला नाही, काय की. मग तिने बैलाचं शिंग पाहिलं, पक्कं बसलं होतं. बैल माझ्या मांडीवर ठेवला आणि नात उठली का ते पाहायला आत गेली.

कुलूप अजून आहे. पण मागच्या रविवारी तिने कपाट उघडलं तेव्हा सतरंजी टाकली. मला बोलावलं नाही. मीही गेले नाही, दिवाणावर बसून लसूण सोलत होते. नात ब्रश घेऊन बसली होती. सून एकेक तिच्या हातात देत होती आणि नाव सांगत होती. घुबडमावशी. सुरदास. हजेरीवाला. माझीच नावं. मी लसूण तसाच धरून बसले.

सगळे परत लावून झाले तेव्हा नातीने मधल्या फळीवर बोट ठेवलं.

"इथं कोण आहे?"

"जावईबापू," सून म्हणाली.

"कुठं गेले?"

सून 'गावाला गेले' म्हणू शकली असती. लेकराला तेवढं पुरलं असतं. तिने तसं नाही म्हटलं.

"आजीले विचार. तिले माहीत आहे."

नात ब्रश घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी ताट बाजूला ठेवलं.

"मी नेले," मी म्हटलं. "मीच नेले, बाई."

"कायले?" ती म्हणाली.